तरंगण्याचा विसावा

आमच्या कनेरगाव नाक्याच्या परिसरात पोहणे शिकायचे ते विहिरीत, पाठीला डबा बांधून. हातपाय मारणे जमले की पुढची पायरी उताणे तरंगण्याची. तेव्हा अंगासोबत मनही हलके का होते, या प्रश्नाच्या मागे मी बरीच वर्षे आहे.

तरंगणे हे आपल्याकडे जुनेच शास्त्र. ‘हठप्रदीपिके’तील आठ कुंभकांपैकी शेवटचा प्लाविनी. पोटात भरपूर हवा भरली की खोल पाण्यावरही सहज तरंगता येते, असे तो सांगतो.

आधुनिक प्रयोग १९५४ साली अमेरिकेत जॉन लिली या डॉक्टरने सुरू केला. प्रकाश, आवाज, स्पर्श सारे थांबले तर मेंदू झोपी जातो का, हे त्याला पाहायचे होते. मेंदू जागाच राहिला. पुढे १९७०च्या दशकात खारे पाणी भरलेल्या बंद टाक्या आल्या आणि त्यातून तरंगण्याची उपचारपद्धती रुजली.

टाकीत जेमतेम वीतभर खोल पाणी असते आणि त्यात शेकडो किलो मॅग्नेशियम सल्फेट विरघळवलेले असते. कपाशीवर लाल्या आला की आपण फवारतो, तेच हे. त्यामुळे पाण्याची घनता सुमारे १.२५ होते. हिशेब सोपा आहे. साठ किलोच्या माणसाला तरंगण्यासाठी विहिरीत साठ लिटर पाणी बाजूला सारावे लागते, म्हणजे जवळजवळ सारे अंग बुडते. टाकीत अठ्ठेचाळीस लिटर पुरते आणि अंगाचा पाचवा हिस्सा वर राहतो. श्वास सोडला तरी माणूस बुडत नाही.

दिवसभर डोके-पाठ सावरून धरणाऱ्या स्नायूंना इथे काम उरत नाही. पाणी ३४-३५ अंशांवर, म्हणजे त्वचेइतकेच कोमट. म्हणून अंग कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते, तेही कळेनासे होते. उरतो तो स्वतःचा श्वास आणि छातीतली धडधड. मीठ त्वचेतून मुरून ताण घालवते, या दाव्याला मात्र भक्कम पुरावा नाही.

२०१८ साली जस्टिन फाइनस्टाइन व सहकाऱ्यांनी चिंता आणि ताणाचे विकार असलेल्या ५० जणांना तासभर तरंगवले. त्यांची चिंता त्या वेळेपुरती स्पष्टपणे कमी झाली. तो आराम किती टिकतो, हे त्या एका तासावरून ठरत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : तरंगणे हा विसावा आहे, इलाज नव्हे. फेफरे येणाऱ्यांनी किंवा अंगावर जखम असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाकीत उतरू नये. विहिरीत तर एकट्याने कधीच तरंगू नये. तिथे आधाराला मीठ नसते. नापिकी आणि कर्जाने ज्याची झोप उडाली आहे, जगणे नको वाटते आहे, त्याला टाकी पुरणार नाही. त्याच्याजवळ बसावे, त्याला डॉक्टरकडे न्यावे, १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या मोफत क्रमांकावर बोलते करावे. पाणी अंगाचे ओझे उचलते; मनाचे ओझे उचलायला माणूसच लागतो.