शितावरून ढगाची परीक्षा

आवर्त सारणीत ९९ आणि १०० या क्रमांकांवर आइन्स्टाइनियम आणि फर्मियम बसलेली आहेत. शाळेत रसायनशास्त्र शिकवताना ही नावे मी मुलांकडून वर्षानुवर्षे घोकून घेतली. ती आली कुठून, हे मात्र आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हते. ती आली एका ढगातून.

१ नोव्हेंबर १९५२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या एनिवेटोक कंकणद्वीपावर 'माइक' हा हायड्रोजन बॉम्ब उडवला. शक्ती १०.४ मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या सुमारे सातशेपट. एलुगेलाब नावाचे बेट नकाशावरून पुसले गेले.

असा बॉम्ब कितपत 'जळला', हे कळायचे कसे? आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, तसेच. ढगातले कण मिळाले, की न जळलेले इंधन किती आणि राख किती, हे प्रमाण काढता येते. (१९४९ साली रशियाने गुपचूप केलेला पहिला अणुस्फोट अमेरिकेला कळला, तोही जपानहून अलास्काकडे जाणाऱ्या विमानातल्या गाळणकागदावरूनच!) पण शीत काढायला पातेल्यात हात कुणी घालायचा? माइकच्या वेळी तो घातला एफ-८४ विमानांच्या वैमानिकांनी. विमानांच्या पंखांच्या टोकांशी गाळणकागद बसवले होते आणि बारा-तेरा किलोमीटर उंचीवर ती त्या ढगाच्या देठात शिरली.

कागद परत आले आणि शास्त्रज्ञ चक्रावले. स्फोटाच्या क्षणी युरेनियमच्या एकेका अणूने पंधरा-सतरा न्यूट्रॉन गिळले होते! त्यातूनच, हाताच्या बोटांवर नव्हे तरी सहज मोजता येतील इतक्या अणूंच्या रूपात, दोन नवी मूलद्रव्ये हाती लागली. सारेच गुपित असल्याने ही नावे १९५५ साली जाहीर झाली. तोवर आइन्स्टाइन आणि फर्मी दोघेही या जगात नव्हते.

वैमानिकांपैकी कॅप्टन जिमी रॉबिन्सन परतलाच नाही. वय २८. ढगात त्याचे विमान गरगरत खाली आले. त्याने ते सावरले, पण पाऊस होता, दिशादर्शक संदेश मिळेना आणि इंधन संपत आले. धावपट्टी अगदी जवळ असताना विमान समुद्रात पडले. शोधायला गेलेल्यांना पाण्यावर तेलाचा तवंग दिसला. देह मिळाला नाही.