गळ्यातला पट्टा

बऱ्हाणपुरात पहाटे ताप्तीच्या राजघाटाकडे फिरावयास गेले, की कुत्रे घेऊन आलेली पाच-सात माणसे हटकून भेटतात. आमच्या लहानपणी कुत्रे म्हणजे वाड्याच्या दिंडीत पडून राहणारे आणि उरलेल्या भाकरीवर संतुष्ट असणारे जनावर. त्याच्या गळ्यात पट्टा घालण्याचा प्रश्नच येत नसे. आता कोणी नायलॉनचा, कोणी कातड्याचा पट्टा घालतो, तर कोणी लोखंडी साखळी अडकवतो. मौज अशी की, या मिरवणुकीत कोण कोणाला फिरवीत आहे हे लांबून सांगणे कठीण जाते!

गेल्या वर्षापर्यंत त्या मिरवणुकीत मीही होतो. सोलापूरकडच्या एका आप्तांनी कारवानी जातीचे पिल्लू दिले. निमुळते तोंड, खोल छाती, काटकुळे पाय. नाव मोती. आठव्या महिन्यात मोती असा ओढू लागला की, माझ्या खांद्याने तक्रार सुरू केली. मी बाजारातून गळा आवळणारी पोलादी साखळी आणली आणि कोणालाही न विचारता त्याच्या गळ्यात घातली. ओढ कमी झाली खरी. पण मोती खोकू लागला. पुढे पुढे खुंटीवरची साखळी नुसती खुळखुळली, तरी तो कॉटखाली जाऊन बसे. ज्या हातातून तो पोळीचा तुकडा घेई, त्या हाताकडे तो पाहीनासा झाला. ‘तुमच्या शिस्तीपेक्षा त्याची ओढ बरी होती,’ असे घरातून ऐकावे लागले, आणि त्यावर मला उत्तर नव्हते.

शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांनी एके दिवशी घाटावर मला थांबविले. ‘मास्तर, साखळी उलटी घातलीत. आणि सुलटी घातलीत तरी साखळी काही शिकवीत नाही. शिकवितो तो हात.’

त्यांनी प्रथम साखळीची रीत समजावून दिली. कुत्रा डाव्या हाताला चालत असता दोराकडे येणारी कडी त्याच्या मानेवरून आली पाहिजे. ती मानेखालून आली, तर दोर सैल सोडला तरी फास सैल होत नाही. म्हणजे कुत्र्याने चूक सुधारली तरी शिक्षा चालूच! गेल्या शतकातील पुष्कळ शिक्षक झटका देऊन लगेच सैल सोडण्याची पद्धत वापरीत. अमेरिकेत विल्यम कोहलर यांचे १९६२ मधील पुस्तक याच कडक वळणाचे. परंतु तो झटका नेमक्या क्षणी आणि नेमक्या जोराने देणे नवख्याला साधत नाही. श्वासनळी मानेच्या पुढल्या बाजूस, त्वचेखाली थोड्याच अंतरावर असते. तेथे वारंवार दाब पडला तर इजा होते. शिवाय पट्ट्याने मान ओढली गेली की डोळ्यांतील दाबही वाढतो. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला तर गळ्याऐवजी छातीवर बसणारा साजच बरा. त्याला श्वासाचे कष्ट मुळातच असतात.

मग साधा रुंद पट्टा का घालू नये? बहुतेक कुत्र्यांना तोच पुरेसा आहे. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत, इतका तो सैल असावा. वाढत्या पिल्लाचा पट्टा वरचेवर मोकळा करावा. पावसाळ्यात ओला पट्टा काढून मान कोरडी करावी, नाही तर त्याखाली त्वचा चिघळते आणि गोचिडांना आयते घर मिळते. परंतु कारवानी कुत्र्याची गोष्ट निराळी. त्याचे डोके मानेहून फारसे रुंद नसते. मागे सरकून त्याने मान वाकविली की पट्टा आपल्या हातात आणि कुत्रा रस्त्यावर! अशा कुत्र्यांसाठी मार्टिंगेल नावाचा पट्टा असतो. त्याला दोन फासे असतात, एक मोठा आणि एक लहान. ओढ बसली की तो डोके निसटणार नाही इतपतच आवळतो, त्यापुढे आवळत नाही.

या जातीविषयी आपल्या लोकांना आपुलकी असावयास हरकत नाही. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी, विशेषतः राजे मालोजीरावांनी, तिची जोपासना केली. म्हणून तिला मुधोळ हेही नाव मिळाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता आणि हिमालयातील मेंढपाळांचा कुत्राही होता. २०१६ मध्ये मुधोळची पिल्ले शिक्षणासाठी मेरठच्या लष्करी केंद्रात गेली.

त्या हिमालयी कुत्र्याच्या गळ्यातील पट्टा पाहण्यासारखा असतो. गद्दी मेंढपाळ त्याला लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. बिबट्या प्रथम गळा धरतो, म्हणून ते काटे बाहेरच्या बाजूस वळलेले असतात. शहरी बाजारात शिकवणीसाठी जो काटेरी पट्टा मिळतो, त्याचे काटे मात्र आत, कुत्र्याच्याच मानेकडे वळलेले असतात. दोन्ही पट्टे काट्यांचेच. परंतु एक मालक कुत्र्याचा गळा वाचवितो आणि दुसरा त्याच गळ्याला टोचतो. विजेचा धक्का देणारे पट्टेही निघाले आहेत. वेल्समध्ये २०१० पासून त्यांच्या वापरास बंदी आहे. आपल्याकडे १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा फार आखूड वा जड साखळीने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा मानतो. सदैव बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे हाही गुन्हाच. हे कलम कितीजणांना ठाऊक असेल?

साखळी माळ्यावर गेली. मोतीसाठी रुंद मार्टिंगेल आला आणि त्याबरोबर सुभेदारांचा एकच नियम आला : दोर ताणला की जागच्या जागी उभे राहावयाचे, सैल झाला की चालावयाचे, आणि कुत्रा आपल्या बरोबरीला आला की त्याला काही खाऊ द्यावयाचा. ओरडणे नाही, झटका नाही. पहिल्या दिवशी शनवाऱ्यापासून दोन गल्ल्या ओलांडावयास आम्हाला अर्धा तास लागला. लोक थांबून पाहत होते.

त्या उभे राहण्यात मला माझ्या वडिलांची शिकवणी आठवली. विद्यार्थ्याचा स्वर उतरला की ते रागावत नसत. त्यांचा तंबोऱ्यावरचा हात थांबे. स्वर जागेवर आला की हात पुन्हा फिरू लागे. त्या थांबण्यात शिक्षाही होती आणि वाट पाहणेही होते. त्यांच्याजवळ बसून मी इतकी वर्षे गाणे शिकलो, पुढे शिकविलेही. आणि कुत्र्याच्या गळ्यात साखळी घालताना हे मला आठवले नाही, याची खंत वाटते.

मोतीला पुन्हा जवळ यावयास दोन महिने लागले. आरंभी तो पोळी जमिनीवर ठेवली तरच खाई, तीही मी दूर गेल्यावर. एका सकाळी पट्टा घेऊन मी दारात उभा होतो. तो कॉटखालून निघाला, सावकाश आला आणि त्याने आपली मान पुढे केली. पट्टा घालताना माझाच हात थरथरत होता. त्याखाली दोन बोटे जातात की नाही, हे त्या दिवशी मी तीनदा पाहिले.