होस्टाच्या पानावर शाई फुटलीय?

होस्टा या शोभेच्या रोपाच्या पिवळसर पानात शिरांलगत हिरवी शाई फुटल्यासारखी दिसली, की संशय ‘होस्टा व्हायरस एक्स’चा घ्यावा. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९९६ साली या विषाणूची ओळख पटली. वाईट याचं वाटतं, की अशी आजारी रोपं नवं वाण म्हणून हौसेनं विकली गेली. ‘ब्रेकडान्स’ त्यातलंच एक. उन्हाळा सरताना शिरांच्या मधल्या जागेत तपकिरी पट्टे आले, तर मात्र तो पानातला सूत्रकृमी. विषाणू पसरतो रसातून: कात्री, कुदळ, आपले हात. लक्षणं उमटायला कधी वर्षंही जातात. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये, पानाचा रस चाचणीपट्टीवर तपासावा. औषध नाही. रोप मुळांसकट काढून नष्ट करा आणि हत्यारं स्वच्छ धुतल्याशिवाय शेजारच्या होस्टाला हात लावू नका.