संच मोजायचे की माणसं?

जपानची पहिली खासगी दूरचित्रवाहिनी, निप्पॉन टेलिव्हिजन, २८ ऑगस्ट १९५३ रोजी टोकियोतून सुरू झाली, तेव्हा हा धंदा बुडणार असंच कुणालाही वाटलं असतं. त्या वर्षी शार्प कंपनीने बाजारात आणलेला देशी बनावटीचा संच १,७५,००० येनांना होता आणि शालान्त शिक्षण घेऊन सरकारी नोकरीला लागलेल्या तरुणाचा पगार होता महिना ५,४०० येन. म्हणजे अडीच वर्षांहून अधिक पगार एका पेटीत घालायचा! सार्वजनिक वाहिनी एनएचकेने फेब्रुवारीत प्रक्षेपण सुरू केलं तेव्हा तिचे वर्गणीदार होते ८६६. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला संच वाढेपर्यंत थांबता येतं. फक्त जाहिरातींवर जगायचं ठरवलेल्या वाहिनीला ती सवड नसते.

वाहिनीचे संस्थापक मात्सुतारो शोरिकी हे 'योमिउरी शिंबुन' या दैनिकाचे मालक. वर्तमानपत्राचा एक अंक अनेकजण वाचतात, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तोच हिशेब त्यांनी इथे लावला. स्टेशनांसमोर, चौकांत, गर्दीच्या जागी मोठ्या पडद्याचे संच उंचावर बसवले आणि जाहिरातदारांना सांगितलं, संच मोजू नका, बघणारे मोजा. फेब्रुवारी १९५४मध्ये कुस्तीगीर रिकिदोझान अमेरिकेहून आलेल्या शार्प बंधूंशी लढला, तेव्हा टोकियोतल्या शिंबाशी स्टेशनसमोर हजारो माणसं एका संचाकडे माना उंचावून उभी होती. युद्धात हरून जेमतेम नऊ वर्षं झालेली. आपला मल्ल धिप्पाड परदेशी पैलवानांना छातीवर तळहाताचे फटके मारतो आहे, हे दृश्य पाहून त्या गर्दीला काय वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको. खासगी दूरचित्रवाणीचा पाया या चौकांत घातला गेला, असं माझं मत आहे.

यावर कुणी म्हणेल, ती कुस्ती एनएचकेनेही दाखवली होती. खरं आहे, पण रस्त्यावरच्या गर्दीवर अख्खा व्यवसाय उभा करण्याचं धाडस शोरिकींचं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. युद्धगुन्ह्यांच्या संशयावरून ते तुरुंगात होते, १९४७मध्ये खटल्याविना सुटले. अमेरिकी गुप्तचर यंत्रणेशी त्यांचा संबंध होता, हेही पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांतून दिसतं. त्यामुळे त्यांना निव्वळ लोकहितवादी ठरवणं चूकच होईल. मात्र संस्थापकाचा हेतू काहीही असला, तरी पगारात संच न परवडणाऱ्या माणसाला फुकट बघायला मिळालं, ही गोष्ट खोटी ठरत नाही. समीक्षक सोइची ओया यांनी १९५७मध्ये दूरचित्रवाणी सगळ्या देशाला मठ्ठ करते आहे, असा कडक आरोप केला. तो मला अधिक पटतो: गर्दी हेच चलन ठरलं की कार्यक्रमही गर्दी जमवणारेच होतात. चौकातल्या त्या हिशेबाची ही किंमत आहे आणि ती आजही प्रेक्षकच मोजतात.

पुढे मोजण्याजोगे संचही आले: एप्रिल १९५९मध्ये युवराज अकिहितो यांच्या विवाहाच्या सुमारास एनएचकेच्या वर्गणीदारांची संख्या २० लाखांवर पोचली होती.