कऱ्हाड सापडेना

सकाळी ९.१५

आमचा धंदा पुस्तकवितरणाचा. पुण्यात गोडाऊन, राज्यभर गिऱ्हाईक दुकानं. ऑर्डर, हिशेब आणि मुखपृष्ठं या तीन टेबलांवर मॅक आहेत आणि तिन्हींवर अल्फ्रेड नावाचं ॲप. ठरलेल्या दोन की दाबल्या की पडद्याच्या मधोमध एक पट्टी उघडते. तिथे ‘दु’ लिहून दुकानाचं किंवा गावाचं नाव टाकलं की पत्ता, थकबाकी, शेवटची ऑर्डर ओळीनं खाली हजर. ‘पु’ लिहिलं की पुस्तकाचा शिल्लक साठा. या स्क्रिप्टा टेबलावरची माणसंच लिहितात. त्या सगळ्यांच्या पोटात जी एक पायथन लायब्ररी आहे, तिची देखभाल माझ्याकडे.

तिचं मूळ काम अगदी साधं. पट्टीत काही टाइप झालं की अल्फ्रेड स्क्रिप्ट चालवतो आणि उत्तर जेसनमध्ये मागतो: ओळींची यादी, प्रत्येकीला शीर्षक, उपशीर्षक आणि एंटर मारल्यावर पुढे द्यायचा मजकूर. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं ओळ जोडावी आणि पाठवावी; कंस आणि अवतरणचिन्हं लायब्ररी सांभाळते.

९.४०

हिशेबातल्या मुलाची पट्टी रिकामी. त्यानं तपासणीसाठी मध्येच एक प्रिंट टाकलं होतं. स्क्रिप्ट जे काही छापते ते अल्फ्रेड जेसन समजूनच वाचतो. त्यात ‘इथपर्यंत आलं’ असा शब्द घुसला की सगळी यादी बाद. “अरे, प्रिंट नको, लॉग वापर,” एवढंच सांगितलं. लायब्ररीतलं लॉग एरर आउटपुटवर लिहितं. ते अल्फ्रेडच्या डीबगरमध्ये दिसतं आणि यादीला धक्का लागत नाही.

१०.३०

सकाळचा मोठा वेळ स्क्रिप्टांचा वेग वाढवण्यात जातो. टाइप करता करता स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा चालते, म्हणजे दर वेळी पायथन नव्यानं उठतं. त्यात सर्व्हरला विचारत बसलं तर माणूस टाइप करून मोकळा आणि यादी अजून वाटेतच. म्हणून लायब्ररी आधी फाइलीत साठवलेली जुनी यादी दाखवते, ताजी यादी मागच्या मागे आणायला लावते आणि अल्फ्रेडला ‘थोड्या वेळानं पुन्हा चालव’ असं कळवते. हा वेळ ०.१ ते ५ सेकंदांमध्ये देता येतो. जड मॉड्यूलं सुरुवातीलाच आणायची नाहीत, हा दुसरा नियम. आज साठ्याच्या स्क्रिप्टमधून एक्सेल वाचणारं मॉड्यूल वरून काढून, जिथे लागतं तिथेच नेलं. फरक नुसत्या डोळ्यांना कळला.

१२.१०

ऑर्डरच्या टेबलावरून ताईंचा फोन. “अहो, कऱ्हाड टाकलं तर काहीच येत नाही. आणि यादीत तर कऱ्हाड मला डोळ्यांनी दिसतंय!”

दोन्ही कऱ्हाड कोडमध्ये उलगडून शेजारी ठेवली. युनिकोडमध्ये ऱ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक ०९३१. पण तेच अक्षर र आणि खाली नुक्ता असं दोन तुकड्यांतही लिहिता येतं, आणि मॅकच्या जुन्या फाइल-व्यवस्थेत फाइलींची नावं अशी सुटी करूनच ठेवली जात. आमची दुकानांची फोल्डरं त्या काळातली. पट्टीत टाइप झालेलं एका रूपात, फोल्डरचं नाव दुसऱ्या. वर हिशेबाच्या जुन्या फाइलीत तिसरंच: र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारी जोडखूण, क्रमांक २००डी. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. संगणक मात्र क्रमांक जुळवतो.

१.३०

डबा. हिशेबातल्या मुलाला प्रश्न पडलाय, तयार लायब्ररी का वापरत नाही? वापरत होतो. अल्फ्रेडच्या दुसऱ्या आवृत्तीत, २०१३ मध्ये, वर्कफ्लो, म्हणजे अशा स्क्रिप्टा पट्टीला जोडायची सोय, आले आणि पायथनवाल्यांना ‘अल्फ्रेड-वर्कफ्लो’ नावाची फार चांगली लायब्ररी मिळाली: साठवण, शोध, पासवर्ड, स्वतःला अद्ययावत करणं, सगळं तयार. ती पायथन २ वर उभी होती. मार्च २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ आली आणि ॲपलनं पायथन २ काढून टाकलं. त्या लायब्ररीवर चालणाऱ्या स्क्रिप्टा जागच्या जागी बंद. तेव्हापासून आमचा दंडक: लायब्ररीत कमीत कमी ठेवायचं आणि बाहेरचं काही ओढून आणायचं नाही.

२.३०

कऱ्हाडची दुरुस्ती. पहिली दोन रूपं पायथनच्या प्रमाणीकरणानं एक होतात. एका ओळीचं काम. तिसरं होत नाही, कारण युनिकोडच्या लेखी जोडखुणेचं रूप हे त्या अक्षराचं समतुल्य नाही. तिथे आपला नियम हवा: र, हलन्त, जोडखूण दिसली की ऱ आणि हलन्त करायचं.

मुलगा म्हणाला, “नुक्ता आणि जोडखूण दोन्ही उडवूनच टाकू ना.” मग दर्या आणि दऱ्या एकच होतील, समुद्र शोधणाऱ्याला डोंगरातली पुस्तकं मिळतील. चाचणीत हीच जोडी घातली, सोबत तऱ्हा, दुसऱ्या आणि वाऱ्यावर. हिंदी पुस्तकांसाठी ‘ग़ज़ल’ही. तिथे प्रमाणीकरण नुक्ता सुटाच ठेवतं, पण शोधशब्द आणि यादी दोन्ही एकाच चाळणीतून जातात, त्यामुळे अडत नाही. ही चाळणी फक्त जुळवणीपुरती. फोल्डरचं नाव पुढे जाताना जसं होतं तसंच जातं.

काहीजण ‘कराड’ लिहितात, त्याचं काय? ते लायब्ररीत घालायला मी नकार दिला. अक्षराची रूपं हा तिचा प्रश्न. गावाची दोन नावं हा दुकानांच्या यादीचा. ताईंनी त्या दुकानांपुढे पर्यायी नावाचा रकाना भरला.

४.३०

आता काढाकाढी. अल्फ्रेड ५.५ पासून जेसनमध्येच सांगता येतं की ही यादी इतके सेकंद जपून ठेव, ५ पासून ८६,४०० पर्यंत. दिवसातून एकदा बदलणाऱ्या दुकानांच्या यादीला तेवढं पुरतं; तिथली आपली साठवण रद्द. पाचव्या आवृत्तीत वर्कफ्लोला सेटिंगचा फॉर्म आला, तेव्हा सेटिंगची फाइल वाचणारा आपला कोडही रद्द. “चालतंय ते कशाला काढायचं?” मुलाचा रास्त प्रश्न. कारण जे काम अल्फ्रेड स्वतः करतो, ते आपण सांभाळत बसलो तर बिघडल्यावर निस्तरायचंही आपल्यालाच. मदतनिसानं दर आवृत्तीला थोडं रोडावं, हे बरं लक्षण.

५.४५

नवी आवृत्ती वाटली. वर्कफ्लोची फाइल म्हणजे शेवटी झिपच. प्रत्येकीत लायब्ररीची स्वतःची प्रत असते. आज फक्त ऑर्डरच्या टेबलावर बदलली, बाकीची दोन टेबलं उद्या. ताईंनी कऱ्हाड टाकलं, दुकान आलं. लगेच कोऱ्हाळे टाकून पाहिलं, तेही आलं.

“थकबाकीवाली ओळ लाल करता येईल?”

“ओळीला रंग देता येत नाही ताई, पण शेजारचा आयकॉन बदलता येतो.”

“मग लायब्ररीत टाकाल?”

“गरज नाही. तुमच्या स्क्रिप्टमध्ये एक अट घाला, झालं.”

सहा वाजायच्या आत त्यांनी ती घातलीसुद्धा.