पहिला नंबर तीव्र मध्यमाला

'रोलिंग स्टोन' मासिकाने २००४ मध्ये सर्वश्रेष्ठ पाचशे गाण्यांची यादी काढली, तेव्हा पहिल्या जागेवर बॉब डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' होतं. २०२१ मध्ये त्याच मासिकाने नवे मतदार बोलावून यादी पुन्हा केली. अरीथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' पहिलं आलं आणि डिलन चौथ्या जागेवर गेला. लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' ३१ वरून ६१ वर घसरलं, तर क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १६३ वरून थेट १७ वर चढलं. या सतरा वर्षांत त्या ध्वनिमुद्रणांतला एकही सूर बदललेला नव्हता. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावर एक गाजलेला सिनेमा तेवढा येऊन गेला होता.

मतं मोजून लावलेल्या क्रमवारीत असं होणारच. म्हणून रॉक आणि हेवी मेटलपुरती मी एक वेगळी कसोटी लावतो: हे गाणं झालंच नसतं, तर पुढची किती गाणी झाली नसती? यात आवडीनिवडीला जागा कमी आणि वंशावळीला जास्त.

या कसोटीवर पहिला नंबर 'ब्लॅक सॅबथ'चा. बँडचं नाव तेच, अल्बमचं तेच आणि गाण्याचंही तेच. बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतल्या चार पोरांनी हा अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला एका दिवसात ध्वनिमुद्रित केला. तो बाजारात आला १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी. तेरा तारीख आणि शुक्रवार हा योग तिकडे अशुभ मानतात, आणि कंपनीने तो मुद्दाम साधला होता.

गिटारिस्ट टोनी आयोमीची रिफ, म्हणजे फिरून फिरून येणारी सुरावट, फक्त तीन स्वरांची आहे. खालचा षड्ज, मग वरचा षड्ज, आणि तिथून उतरून थेट तीव्र मध्यमावर थरथरत थांबायचं. पंचम नाही, दिलासा नाही. आपल्याकडे मारवा ऐकलेल्या कानाला ही बेचैनी ओळखीची आहे. तिथेही पंचम वर्ज्यच असतो. मात्र मारव्याची हुरहुर संध्याकाळची, आणि इथे भरदुपारीही भीती वाटते. बेसवाला गीझर बटलर संगीतकार होल्स्टच्या 'प्लॅनेट्स'मधला 'मार्स' वाजवत बसायचा, त्यातून आयोमीला ही रिफ सुचली असं सांगतात. त्याआधीचं रॉक बहुतेक ब्लूजच्या अंगाने चालायचं. ते घर सोडून मेटल बाहेर पडलं ते या तीन स्वरांवर.

आयोमीच्या हाताची हकिगतही इथे सांगायलाच हवी. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जळलेल्या हाताच्या दोन बोटांवर जॅझ वाजवणारा हा गिटारिस्ट. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि गिटारला हलक्या तारा चढवल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'पासून त्याने तारा दीड स्वर खाली उतरवल्या. बोटांवरचा ताण कमी झाला आणि आवाज आणखी जड झाला. पुढे असंख्य धडधाकट बोटांचे गिटारिस्टही तारा उतरवूनच वाजवू लागले.

दुसरी जागा किंक्सच्या १९६४ मधल्या 'यू रिअली गॉट मी'ला. सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अँपच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने कापला, आणि तो फाटका आवाज इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला. अमेरिकेत लिंक रेने 'रंबल'मध्ये असाच आवाज १९५८ मध्येच काढला होता. त्या गाण्यात शब्दच नाहीत, तरी काही रेडिओ केंद्रांनी त्यावर बंदी घातली!

तिसऱ्या जागेवर मोटरहेड म्हटलं की सगळे 'एस ऑफ स्पेड्स'कडे बोट दाखवतात. मी १९७९ चं 'ओव्हरकिल' घेतो. फिल टेलरचे दोन्ही पाय बेस ड्रमवर असे काही धावतात की पुढच्या थ्रॅश मेटलवाल्यांना नकाशाच मिळाला. मेटॅलिकाने ते १९९८ च्या 'गॅरेज इन्क'मध्ये स्वतःच वाजवून ऋण मान्य केलं. त्यांचंच १९८६ चं साडेआठ मिनिटांचं 'मास्टर ऑफ पपेट्स' चौथं. त्यांचा गिटारिस्ट हेटफील्ड याचा हात त्यात इतक्या वेगात फक्त खालच्या दिशेने चालतो की नवशिक्याचं मनगट दोन मिनिटांत गळून जातं. २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेत वाजल्यावर ते छत्तीस वर्षांनी अमेरिकेच्या मुख्य यादीत शिरलं.

पाचवं डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर'. स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रोच्या कॅसिनोला ४ डिसेंबर १९७१ रोजी फ्रँक झापाच्या कार्यक्रमात आग लागली आणि तळ्यावर धूर पसरला, त्याचं हे गाणं. बाकी काही बोलायची गरज नाही. गिटार विकणाऱ्या कुठल्याही दुकानात पाच मिनिटं उभं राहा.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' मला जीव की प्राण. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकताना 'द हेक्टिक्स'मध्ये पियानो बडवणाऱ्या फारुख बुलसाराने, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीने, पुढे हे असं काही रचावं, याचं अप्रूप संपत नाही. पण त्याला वारस नाही. तसं पुन्हा कुणाला जमलं नाही, म्हणून माझ्या पाचांत ते बसत नाही.

'स्टेअरवे' सहावं, आणि त्यावर मी भांडायला तयार आहे. झेपेलिनबद्दल खंत वेगळीच आहे. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट यांनी मुंबईत इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ध्वनिमुद्रित केली, कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोमध्येही ते वाजवून गेले. ती मुंबईची ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये. माझ्या कसोटीवर त्यांना शून्य गुण. त्रेचाळीस वर्षं कपाटात राहिलेल्या गाण्यांचा वंश वाढणार कसा?