पिकअपच्या रिव्हर्समध्ये बीथोव्हन? फोनला गुणगुणून विचारा!

अंबाजोगाईत आमच्या गल्लीत रोज एक पिकअप रिव्हर्स येते आणि तीच टिंगटिंग धून वाजते. परवा मी ती गुणगुणून फोनलाच विचारली. उत्तर आलं: बीथोव्हनची ‘फ्यूर एलिझ’, १८१० सालची!

तुम्हीही करून बघा. गूगल अ‍ॅपमधल्या माइकवर टॅप करा, गाणं शोधायचा पर्याय निवडा आणि १०-१५ सेकंद गुणगुणा. २०२० मध्ये आलेलं हे फीचर तुमचा आवाज कसा आहे ते बघत नाही. फक्त सुरांचे चढउतार आकड्यांत बदलतं आणि माहीत असलेल्या गाण्यांशी जुळवतं. त्यामुळे थोडं बेसूर झालं तरी चालतं.

मग वाटलं, आजोबा पहाटे गुणगुणतात तो रागही विचारावा. पण तिथे मेळ बसणं अवघड. राग म्हणजे एक ठरलेली चाल नव्हे. ठरावीक स्वर आणि चलन सांभाळून गाणारा दरवेळी नवीन काहीतरी रचतो. मग जुळवणार कशाशी?

शेवटी आजोबांनाच विचारलं. “भैरव आहे रे,” म्हणाले आणि पुन्हा गुणगुणू लागले. मी गुपचूप व्हॉइस रेकॉर्डर चालू केला. हे गाणं आणखी कुठेच सापडणार नाही.